दोन पॉइंट चारवाले नाना

तुमच्या बिल्डिंगमध्येही ते असणारच. नाव नाना नसेल तर अण्णा असेल, भाऊ असेल, कुठे नुसतेच ‘बी विंगचे काका’ असतील. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, शर्टाच्या खिशात टेस्टर, चष्म्याला दोरी, आणि कुणाच्याही घरात वायफायवरून काही अडलं की न बोलावता हजर. आमच्या नानांना तर दारात चपला काढेपर्यंतही दम निघत नाही. एक चप्पल पायात, एक हातात, आणि प्रश्न ठरलेला: “दोन पॉइंट चार की पाच?”

परवा पुन्हा विचारला. मी निमूटपणे उत्तर दिलं, पण मनात म्हटलं, आता या माणसावर लिहिल्याशिवाय सुटका नाही.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत नवा प्रिंटर लपवून आणता येत नाही. खोकं वॉचमनला दिसतं, वॉचमनला दिसलेलं नानांना कळतं आणि संध्याकाळी बेल वाजते. आम्ही घेतला तेव्हा थर्माकोलसुद्धा निघालं नव्हतं. “लेकीच्या दहावीसाठी घेतलास ना? बरं केलंस,” एवढं बोलून नाना प्रिंटरकडे ढुंकूनही न बघता थेट टीव्हीमागे वाकले, तिथला राउटर ओढून काढला, पालथा केला, बुडावरचं स्टिकर वाचलं आणि माझ्याकडे वळले. “दोन पॉइंट चार की पाच?”

मी म्हटलं, “नाना, शंभरचा प्लॅन आहे.”

नानांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. माझी बाजू सावरायला ही आतून म्हणाली, “फाइव्ह जी आहे हो, परवाच करून घेतलं.” आता नानांनी डोळेच मिटले. “सूनबाई, मोबाइलचं फाइव्ह जी म्हणजे पाचवी पिढी. राउटरवरचं पाच म्हणजे पाच गिगाहर्ट्झ. आडनाव एक आहे म्हणून भाऊबंद होत नाहीत.”

मग व्याख्यान. ते मला आता पाठ आहे, म्हणजे नानांनी पाठ करून घेतलं आहे. हल्लीचा राउटर एकाच डब्यातून दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. परवडणाऱ्या किमतीतले घरगुती इंकजेट प्रिंटर बहुतेक २.४चेच. जोडणी करायला येणारा पोरगा घाईत असतो, तो दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देऊन निघून जातो. फोन चलाख, तो जाऊन पाचवर बसतो. प्रिंटर दोन पॉइंट चारवर चाचपडत राहतो. आणि फोनमधलं ॲप शांतपणे सांगतं की प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर समोर टेबलावर, त्याचा निळा दिवा डोळ्यांत जातोय, आणि तो सापडत नाही.

“म्हणून आधी दोघांना वेगळी नावं द्यायची,” नाना म्हणाले आणि माझा लॅपटॉप माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून घुर्र असा आवाज आला. आमच्याकडे पापड मायक्रोवेव्हमध्ये भाजतात. नाना ताडकन उठले. “बंद करा ते!” हिच्या हातातला पापड खाली पडला. मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे या वायफायच्या अगदी दारातच, आणि थोडं जरी बाहेर पाझरलं तरी सिग्नलची खिचडी होते, हे आम्हाला उभ्या उभ्या ऐकवण्यात आलं. “पापड आणि प्रिंट, एका वेळी एकच काहीतरी.” त्या रात्री आम्ही पापडाशिवाय जेवलो. नाना आमच्याच पंक्तीला होते.

इथवर ठीक होतं. या ज्ञानाचा उपयोग नानांनी प्रिंटरपुरता ठेवला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. पण विज्ञान असं सांगतं की २.४च्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, पाचच्या लहरीची त्याच्या निम्म्याहूनही कमी. लांब लहर जरा संथ, पण भिंत पार करून जाते. आखूड लहर वेगवान, पण आरसीसीची भिंत मधे आली की मान टाकते. त्यात भिंतीला लोखंडी कपाट आणि कपाटाला आरसा असेल तर विचारूच नका. नानांनी हे ऐकलं आणि त्यांना एकाएकी सगळी मनुष्यजात कळली.

आमचे चेअरमन पाच: मीटिंगमध्ये तुफान, जिन्यात भेटले तर ओळख नाही. कामाच्या मावशी दोन पॉइंट चार: तळमजल्यावर कळलेलं चौथ्या मजल्यावर स्वच्छ पोचतं. पुढारी प्रचारात दोन पॉइंट चार, निवडून आले की पाच. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांना तर नानांनी त्यांच्याच दवाखान्यात, पेशंटांदेखत पाच ठरवलं, कारण औषध देतात झटपट पण “कसं आहे आता?” म्हणून फोन करत नाहीत. काकूंबद्दल बोलताना मात्र नानांचा आवाज जरा उतरतो. “आमची ही शुद्ध दोन पॉइंट चार. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसलो तरी पोचते.”

त्यांच्या भाचीला हिंजवडीतल्या मुलाचं स्थळ आलं होतं. पॅकेजचा आकडा ऐकून घरातले सगळे गार. नानांनी बायोडाटा दोनदा वाचला, टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, “मुलगा पाच आहे.” बहिणीला काही कळेना. नाना म्हणाले, “एका खोलीत आहेत तोवर झकास. मधे भिंत आली की गेला.” लग्न झालं. भाची मजेत आहे, जावई चांगला निघाला, दोन मुलं आहेत. नाना अजून भिंतीची वाट बघताहेत.

एकदा मी धाडस करून विचारलं, “आणि मी हो, नाना?” त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “तू ड्युअल बँड. ऑफिसात पाच, घरात दोन पॉइंट चार.” ही त्यावर जितकी हसली तितकी माझ्या कुठल्याच विनोदावर आजवर हसलेली नाही.

नानांचा खरा छळ पासवर्ड भरताना सुरू होतो. आमच्या प्रिंटरला काडेपेटीएवढा पडदा आणि त्याखाली बाणांची बटणं. पासवर्डचं एकेक अक्षर बाण दाबत दाबत गाठायचं. आधी सगळी मोठी अक्षरं, मग लहान, मग आकडे, आणि चिन्हं पार शेवटी. त्यातही ‘एट द रेट’ हॅश आणि टक्क्याच्या गर्दीत कुठेतरी. बाण दाबून धरला की अक्षरं अशी सुटतात की हवं ते स्टेशन मागे पडून आपण भलतीकडेच उतरतो. चूक खोडायचं बटण कुठलं, हे माहितीपुस्तिकेत ज्या पानावर दिलेलं असतं ते पान आपण कधी उघडत नाही. मी असतो तर तिसऱ्या अक्षराला प्रिंटर खिडकीतून फेकला असता. नाना स्टुलावर बसतात, चष्मा कपाळावर चढवतात, नाक पडद्याला लावतात आणि एका बोटाने टक, टक, टक. घाई नाही, चिडचिड नाही. मधूनच, “पुढे?”

पुढे काय ते ओरडून सांगायचं काम घरच्यांचं. मी हॉलमधून सांगत होतो, नाना बेडरूममधून प्रत्येक अक्षर मोठ्याने परत म्हणत होते. “एस मोठा! एच बारीक! शिवनेरी ना? मग पुढे सोळाशे तीस असणार!” होतंच. आमच्या जिन्यातल्या निम्म्या राउटरांवर गड-किल्ले आहेत आणि उरलेल्यांवर मुलांच्या जन्मतारखा. त्या संध्याकाळी आमचा पासवर्ड थेट गच्चीपर्यंत गेला. एका घरी तर वायफायचं नाव देवनागरीत ठेवलेलं, ‘आईची माया’. प्रिंटरच्या पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी उमटल्या. नानांनी आईची माया पुसून तिथे फ्लॅटचा नंबर टाकला, तेव्हा कुठे प्रिंटर आत आला.

हे सगळे पासवर्ड नानांच्या डायरीत आहेत. टेलिफोन खात्याची जुनी डायरी, कव्हरवर सोनेरी अक्षरांचे नुसते वळ उरलेले. कुणाच्या घरी कुठलं नाव, कुठली तारीख, सगळं फ्लॅटनुसार. आता पासवर्ड ही मोठी नाजूक वस्तू. माणूस त्यात काय लिहील सांगता येत नाही. एका गृहस्थांच्या पासवर्डात एका बाईंचं नाव आहे आणि ते त्यांच्या बायकोचं नाही, एवढीच कुणकुण बिल्डिंगमध्ये आहे. ते गृहस्थ कोण, बाई कोण, हे काढून घ्यायचा आम्ही चहा, भजी आणि एकदा तर श्रीखंड देऊन प्रयत्न केला. नानांनी श्रीखंड खाल्लं आणि म्हणाले, “दुसऱ्याच्या लाइनवर कानावर आलेलं तिथेच ठेवायचं. पस्तीस वर्षं हेच केलंय.”

कारण नाना लाइनमन होते. डीपी बॉक्स, पक्कड, वायरचं भेंडोळं आणि सायकल. त्या काळी फोनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. ज्यांच्याकडे पैसे असत ते ‘ओन युअर टेलिफोन’मध्ये जास्तीची अनामत भरायचे आणि तरीही थांबायचेच. नाना भेंडोळं घेऊन एखाद्या चाळीत शिरले की पोरं मागे लागायची. काळा फोन टीपॉयवर ठेवला, डायल टोन आला की घरात पेढे. पहिला कॉल कोणाला लावायचा हा मोठा प्रश्न असे, कारण ओळखीत कुणाकडे फोनच नसायचा. मग लोक १९७ ला लावायचे, चौकशीला. काय चौकशी? तर हा जो आमचा नंबर आहे तो आमचाच ना.

हे मला कसं माहीत? वायफायला जोडायचा एक सोपा मार्ग आहे. राउटरवरचं एक बटण दाबायचं, मग दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं दाबायचं, दोघं आपसात काय ते ठरवतात, पासवर्डची कटकट नाही. ही सोय २००६ साली आली. तीच आठ आकडी पिन टाकूनही करता येते, पण त्या पिनला भोक आहे हे २०११ मध्ये उघडकीला आलं, म्हणून नाना पिनला हात लावत नाहीत. बटणच. माझी मुलगी राउटरपाशी, ही प्रिंटरपाशी, नाना दोघींच्या मधे पॅसेजमध्ये हात वर करून उभे. “दाबा!” आणि ती दोन मिनिटं दिवा लुकलुकत असताना नाना एक आठवण सांगतात. दिवा स्थिर झाला तरी आठवण संपलेली नसते. एवढी दोन मिनिटं मी आजवर ऐकली आहेत की खात्याचा इतिहास माझ्याकडून लिहून घ्यावा.

त्यातली एक आठवण खास आहे. १९७७ साली जपानात कॅननच्या एका प्रयोगशाळेत इचिरो एंडो नावाच्या इंजिनिअरच्या टेबलावर शाई भरलेली सिरिंज होती, आणि सोल्डरिंगची गरम सळई चुकून तिच्या सुईला लागली. आतली शाई उकळून पुढे उडाली, आणि त्यातून शाईला चटका देऊन थेंब उडवणाऱ्या प्रिंटरची कल्पना निघाली. कंपनी ही गोष्ट आजही अभिमानाने सांगते. नाना तीच गोष्ट वेगळ्या शेवटाने सांगतात. “सत्त्याहत्तर साली माझ्याही हातात सोल्डरिंगची सळईच होती रे. दिवसभर. फक्त शेजारी शाईची पिचकारी नव्हती.” आणि नाना गप्प होतात. जपानच्या जागी डोंबिवली आली असती, पिचकारीवाचून राहिलं.

प्रिंटर जोडून दिला की संबंध संपला असं होत नाही. लाइट गेली आली, राउटर बंद होऊन चालू झाला, की कधीकधी तो प्रिंटरला नवा पत्ता देतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतो आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ येतं. लोक मग प्रिंटर पुसतात, शाई हलवतात, सगळं काढून नव्याने टाकतात. कॉम्प्युटरमध्ये एकाच प्रिंटरची ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशी वंशावळ तयार होते. नाना राउटरच्या पोटात शिरून प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवतात आणि वंशावळीतले मेलेले मेंबर एकेक करून काढून टाकतात. नंतर जाण्याचं नाव घेत नाहीत. सोफ्यावर बसतात. प्रिंटरने आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान काढलं पाहिजे, नाहीतर हेडमध्ये शाई सुकते, हे सांगतात. ते मागच्या आठवड्यातही सांगितलेलं असतं. त्यांना निरोप कसा द्यायचा यावर बिल्डिंगमध्ये अजून कुणाला उपाय सापडलेला नाही. “नाना, जेवायचं थांबलंय” म्हटलं तर पंक्तीला बसतात.

सोसायटीच्या निवडणुकीला नाना उभे राहिले होते. कमिटीत एक जागा, एवढीच इच्छा. विरोधी पॅनेलने रंगीत पत्रकं काढली: ‘अनुभवी नव्हे, कार्यक्षम उमेदवार निवडा.’ ती पत्रकं ज्या तीन घरांत छापली गेली त्या तिन्ही घरांतले प्रिंटर नानांनीच जोडून दिले होते. पत्रक माझ्यासमोरच त्यांच्या हातात पडलं. मी श्वास रोखून बघत होतो. नानांनी ते ट्यूबलाइटखाली धरलं, तिरकं केलं आणि म्हणाले, “मॅजेंटा कमी पडतोय. सांगितलं होतं त्यांना, हेड साफ करा म्हणून.” संध्याकाळी जाऊन साफ करून आले. पडले ते पडलेच.

मग एका हिवाळ्यात ते मुलाकडे न्यू जर्सीला गेले. सहा महिने. बिल्डिंगने सुटकेचा निःश्वास टाकला, तो महिनाभर टिकला. इंटरनेटवाल्याने राउटर बदलले आणि एका रात्रीत सगळे प्रिंटर अनाथ झाले. सेक्रेटरी नोटिसा हाताने लिहून लिफ्टपाशी लावू लागले. अक्षर असं की पाणी येणार आहे की जाणार आहे ते कळेना. माझ्या लेकीचं हॉल तिकीट मी रात्री साडेदहाला स्टेशनजवळच्या, अर्धं शटर ओढलेल्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलं. ग्रुपवर एक दिवस मेसेज आला, ‘नाना कधी येणार?’ पाठवणारे ‘कार्यक्षम उमेदवार’.

नानांचा फोन मला यायचा तो आमच्या सकाळी, त्यांच्या रात्री. “अरे, इथलं सगळं गणितच चुकलंय,” एकदा म्हणाले. “घरं लाकडाची. भिंती म्हणजे पुठ्ठा रे नुसता. पाचसुद्धा सगळीकडे पोचतो! वरच्या मजल्यावर, गॅरेजमध्ये, कुठेही फुल रेंज.” मी म्हटलं, मग चांगलंय की. “हो. चांगलंय.” जरा वेळाने म्हणाले, “पण जेवायला हाका नाही मारत कोणी. मेसेज करतात. मी खाली असतो, सून वर असते.”

मुलाचा प्रिंटर जोडायची त्यांची फार इच्छा होती. तो आधीच जोडलेला निघाला. वर त्याची शाई महिन्याच्या वर्गणीवर. संपत आली की प्रिंटर स्वतःच कंपनीला कळवतो आणि नवी काडतुसं टपालाने घरी येतात. वर्गणी बंद केली तर आत शाई असूनही तो छापत नाही. हे ऐकून नाना दोन दिवस अस्वस्थ होते. “यंत्र आपलं, कागद आपला, आणि आत भरलेली शाई परक्याची?” ‘टेलिफोन खातंसुद्धा इतकं वाईट नव्हतं,’ हे वाक्य नानांच्या तोंडून मी त्या दिवशी प्रथम ऐकलं.

परत आले तेव्हा चॉकलेटं द्यायला त्यांनी मला वर बोलावलं. इतक्या वर्षांत ते आमच्याकडे किती वेळा आले असतील, पण त्यांच्या घरात मी त्याआधी गेलो होतो तो काकू गेल्या तेव्हा. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नाना काकूंबद्दल ‘पोचते’ म्हणतात, ‘पोचायची’ नाही. बिल्डिंगमध्ये कुणी कधी ते दुरुस्त करायला गेलेलं नाही.

खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी पिवळट पडलेला जुना प्रिंटर. आणि दोघांच्या मधे करड्या रंगाची, दोन्ही टोकांना घट्ट खोचलेली वायर.

“नाना, वायर?”

“मग?” नानांना प्रश्नच कळला नाही. “हा इथे, तो तिथे. मधे भिंत कुठाय?”

त्या प्रिंटरवर ते छापतात काय, हेही मला कळलं. टेबलावर फाइल होती. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावर ऑनलाइन जातो, कागद लागत नाही. नाना तरी दरवर्षी एक प्रत छापतात, पंच करतात आणि फाइलला लावतात. मी विचारलं, कशाला? म्हणाले, “सरकारकडे आहे. पण आपण आहोत याचा आपल्याकडे नको पुरावा?” मग पानावरची शाई बोटाने पुसून बघितली, सुकली का ते.

नानांबद्दल मला काही फार प्रेम वगैरे आहे अशातला भाग नाही. रविवारी दुपारी डोळा लागत असताना बेल वाजवणाऱ्या माणसाबद्दल ते कुणालाच नसतं. पण हल्ली त्यांना बोलावणं कमी झालंय हे माझ्या लक्षात आलं आहे. नवे प्रिंटर ब्लूटूथवरून फोनला आपणहून हाक मारतात, फोन त्यांना वायफायचा रस्ता दाखवतो, काही तर पाचवरसुद्धा चालतात. नानांचा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

गेल्या महिन्यात पाचव्या मजल्यावर नवं जोडपं राहायला आलं. प्रिंटरचं खोकं वॉचमनला दिसलं. नाना गेले, आणि मी बरोबर गेलो, कारण ती मुलं नवीन होती, त्यांना काही कल्पना नव्हती. दार उघडलं तेव्हा प्रिंटर चालू होता आणि मुलीने फोनवरून दोन फोटो छापूनही काढले होते. नाना आत जाऊन उभे राहिले. खिशातला टेस्टर काढला, परत ठेवला. राउटरकडे बघितलं, पण उचलला नाही. मुलगा आदबीने म्हणाला, “झालं काका, आपोआप झालं.”

“वा,” नाना म्हणाले. “छानच.”

मी त्यांचा दंड धरून निघायच्या बेतात होतो, तोच ते वळले. “नोझल चेक काढलंत का?”

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. ते काय असतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. नानांनी मेनूत शिरून दोन बटणं दाबली, यंत्र कुरकुरलं आणि पान बाहेर आलं: चार रंगांच्या बारीक रेघांच्या जाळ्या. काळी धड, निळी धड, मॅजेंटा धड. पिवळी कुणाला नीट दिसतच नाही. नानांनी पान खिडकीत नेलं, चष्मा कपाळावर चढवला, नाक कागदाला लावलं. बराच वेळ लागला. मग त्यांचा चेहरा उजळला.

“पिवळ्यात दोन रेघा तुटल्यात.” खुर्ची पुढे ओढून ते ऐसपैस बसले. “हेड क्लीनिंगला वेळ लागतो, बाळ. तोवर चहा टाक. आणि मायक्रोवेव्हमध्ये नको हं, गॅसवर.”